गरमी

मोरबी
६ जुलै २०२५

नीलम,

पाकीट बघून दचकू नको. कोण मेलं न्हाय, कुणाला लागलं न्हाय. फोनवर आपलं 'जेवलीस का', 'जेवलासा का' ह्याच्या म्होरं गाडी कधी जात न्हाय, म्हणून लिवालोय. हितं गुजरातेत एका खोलीत आठ जण हाय. सगळे ओडिशा, बिहारकडचे. माझा फोन दिवसभर त्यांच्या हातातनं फिरतो, कोण गाणी बघतंय, कोण गेम खेळतंय. तुझा मेसेज आला तर फोनमधीच हिंदी करून उद्या मलाच वाचून दाखवतील. कागदावरचं मराठी मात्र ह्या खोलीत एकाला बी येत न्हाय. उशाखाली टाकलं तरी कोण बघणार न्हाय.

अक्षराला हसू नको. सातवी सोडल्यापास्नं पेन धरलं ते मस्टरवर सही करायलाच.

काम बरं हाय. फरशीचा कारखाना. भट्टीतनं तापल्याली फरशी बाहेर येती, ती बघायची, तडकल्याली बाजूला काढायची. अंगावरचा शर्ट पिळला तर बादली भरंल. तू म्हणतीस माझ्या पायाला भिंगरी हाय. गोव्यातलं हाटेल सोडलं, खानापूरचा खडीचा क्रशर सोडला, मच्छे गावातलं पॅकिंग सोडलं. खरं ह्यावेळी टिकायचं ठरवलंय.

गणपतीला येणं व्हत न्हाय. रजा देईनात. आईला मी सांगितलंय, तिनं चार दिवस बोलणं सोडलंय. तू तरी समजून घे.

आनि एक. तुझ्या गोळ्या चालू हायत न्हवं? एक दिवस बी चुकवू नको. ह्याचं उत्तर तेवढं कागदावर पाठीव. फोनवर इचारायला गेलो की 'जेवलीस का' एवढंच बाहेर येतं.

मला काय झाल्यालं न्हाय. सहज इचारलं.

तुझा
रवळू

वडगाव, बेळगाव
१७ जुलै २०२५

अहो,

पत्र पोस्टमननं आईच्या हातात दिलं. तिनं ते पदरानं धरून माझ्याकडं आणलं आणि म्हणाली, "कोर्टाचं हाय काय गं?" आमच्या घरी पाकीट म्हणजे कोर्ट नाहीतर बँक. तुमचं आहे म्हटल्यावर तिला आणखीच भीती वाटली.

इकडं काही वेगळं नाही. दोन्ही भिंतींपलीकडं माग खडखडतात, मी मधल्या खोलीत सुताच्या कांड्या भरते. पत्र मागं मोरीत जाऊन वाचलं.

रजा देत नाहीत म्हणता. त्याच कारखान्यात दुसऱ्या खात्यात असलेला तुमच्या गुंजी गावचा गुंडू गणपतीला येतोय, त्याच्या आईनं तिकीट काढल्याचं सांगितलं. मी एवढी खुळी नाही हो.

मच्छेच्या बस स्टॉपवर मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. पहिला नवरा कशानं गेला, माझ्या रक्तात काय आहे, गोळी रोज खावी लागते, आणि गोळी नीट घेतली, रिपोर्टात रोग सापडेनासा झाला की जवळ आल्यावर तो दुसऱ्याला लागत नाही. तुमचं तोंड तेव्हा पांढरंफटक पडलं होतं. दोन बस सोडल्यासा. तिसरी आली तेव्हा म्हणालासा, "चल, मी बी त्याच बसनं येतो." त्या एका वाक्यावर मी लग्नाला उभी राहिले.

मे महिन्यात लग्न झालं. तुमच्या घरी आठ दिवस राहिले. एकदा जवळ आलासा, आणि दुसऱ्या दिवसापासून उकडतंय म्हणून अंथरूण घेऊन पडवीत गेलासा. सासूबाईंनी मला विचारलं, "नवं लगीन झाल्यालं पोरगं पडवीत का झोपालंय?" मी म्हटलं, त्यांना घाम लई येतो. त्या म्हणाल्या, "लहानपणी येत नव्हता." मग तुम्ही मोरबीला गेलासा आणि मी माहेरी आले.

तुम्ही माझ्या रोगाला भ्यालासा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, माझी सख्खी आई माझा तांब्या वर्षभर वेगळा ठेवत होती. पण सोडायचं असेल तर तसं सांगा. सणाला रजा नाही म्हणून सांगू नका.

गोळ्यांचं विचारलंसा. घेते. रोज जेवण झाल्यावर. त्याची काळजी करू नका.

नीलम

मोरबी
२९ जुलै २०२५

नीलम,

तू सगळं उलटं धरलीस. तुला सोडायचं असतं तर तिसऱ्या बसमधी चढलोच नसतो. रजेचं खोटं बोललो, ते माफ कर. कारण लिवायला लाज वाटती. हे वाचून झालं की चुलीत घाल.

माझ्या कोपरावर चट्टा हाय, तू बघितलायस. वर पांढऱ्या खपल्या येत्यात. तसलाच चट्टा लग्नाच्या आधीपास्नं जांघेत हाय, आनि जांघेच्या बी म्होरं हाय. कुठं ते लिवत न्हाय, समजून घे. तिथं खपली धरत न्हाय, कातडं लाल व्हतं आनि चिरा पडत्यात. गजकर्ण म्हणून सगळं लावून बघितलं. हितं आल्यापास्नं दुप्पट झालंय. भट्टीम्होरं घाम सुटला की मीठ चोळल्यागत आग व्हती. फेंगडा चालतोय म्हणून पोरं हसत्यात, घोड्यावरनं आलायस काय म्हणत्यात.

शेवटी कारखान्याच्या गेटपलीकडं एक डॉक्टर हाय, त्याच्याकडं गेलो. बाहेर बाया बसल्यात्या, पँट काढायचं धाडस झालं न्हाय. तोंडानंच सांगितलं. त्यानं बसल्या जाग्यावरनं आयकलं, एक ट्यूब लिवून दिली आनि म्हणाला, गरमी.

नीलम, गरमी म्हणाला त्यो.

आपल्याकडं गरमी कशाला म्हणत्यात ते तुला मी सांगायला नको. आमच्या गल्लीत एक मल्लाप्पा व्हता, तमाशातल्या बायांच्या मागं फिरायचा. त्याला गरमी झाली तवा बाया तोंडाला पदर लावून बोलायच्या आनि आम्हा पोरांना त्याच्या दारातनं जाऊ द्यायच्या न्हाईत. शेवटी त्याचं नाक बसलंतं. मला रोज त्याचंच नाक दिसतंय.

पोरं कामावर गेली की फोनमधी शोधून वाचतो आनि लगेच पुसतो. त्यात लिवलंय, कातड्याला चिरा असल्या, फोड असलं, की एच.आय.व्ही.ला आत शिरायला वाट सोपी व्हती. ते वाचल्यापास्नं माझं अन्नावरचं मन उडालंय. आरशात जीभ बघतो. गळ्याला गाठी हाय का चाचपतो. गुंडू परवा म्हणाला, "रवळू, वाळलास की रं." त्याला हसून दाखवलं आनि संडासात जाऊन बसलो.

म्हणून येत न्हाय. तुझ्यापास्नं पळत न्हाय. माझं मला कळंना झालंय.

तू इचारशील, काय झालं असंल असं वाटतंय तुम्हाला? मला ते लिवायला बी भ्या वाटतंय.

रवळू

वडगाव
९ ऑगस्ट २०२५

हा शब्द माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा आला.

पहिल्यांदा त्यांनी आणला. माझ्या पहिल्या नवऱ्यानं. ट्रकवरनं पंधरा दिवसांनी आले आणि म्हणाले, "जरा गरमी झालीया, निपाणीच्या एका वैद्याकडनं पुड्या आणल्यात." मी वीस वर्षांची. मला वाटलं उष्णता झाली. इंजिनाच्या वर बसून दिवस काढायचे, होणारच. मी त्यांना ताक दिलं. सब्जा भिजवून दिला. वाळ्याचं पाणी दिलं. पायाला काशाच्या वाटीनं तूप चोळलं. ते पाय पुढं करून चोळून घेत होते. गरमी म्हणजे काय ते मला सरकारी दवाखान्याच्या बाकावर कळलं, माझ्या स्वतःच्या रक्ताचा कागद हातात आल्यावर.

आता मी वीस वर्षांची नाही आणि माझ्याकडं वाळाही नाही.

ती कोण आहे ते सांगा. कारखान्याच्या मागं वस्ती असते, ड्रायव्हर जातात, पोरं जातात, मला सगळं माहीत आहे. मी भांडायला येणार नाही. माझ्याकडं भांडायला तोंडही नाही, रोग मीच घेऊन बसले आहे. पण खोटं नको. तुम्ही बस स्टॉपवर खोटं बोलला नव्हतासा, तेवढ्यावर मी तुमच्याकडं आले.

डॉक्टर काय म्हणाला ते हिंदीत, त्याच्याच शब्दांत लिहा. एकही शब्द गाळू नका. मी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडमना विचारते. आणि ती ट्यूब लावायचं थांबवा. अंदाजानं दिलेलं औषध नाजूक जागी लावायचं नसतं.

ताटात भाकरी तशीच आहे. आई विचारते, काय गं, कोर्टाचंच होतं की काय?

नीलम

मोरबी
२० ऑगस्ट २०२५

नीलम,

रवळनाथाची आण घेऊन सांगतो, तुझ्याबिगर कोण न्हाय. लग्नाआधी न्हाय, नंतर न्हाय. त्या माणसाला ताक पाजलंस आनि मला मात्र शिव्या दिल्यास. असू दे. तुझ्या जागी मी असतो तर दगडच मारला असता.

डॉक्टर म्हणाला ते हे. ध्यानात हाय तसं लिवतो. "गरमी से हुआ है भाई. भट्टी के सामने काम करते हो, पसीना बहुत आता है. ढीला कपड़ा पहनो, पंखे में बैठो, ये ट्यूब लगाओ. कुछ नहीं होगा." आनि म्होरच्या पेशंटला हाक मारली.

मी रोज हिशेब घालतो. बाहेर कुठं गेलो न्हाय. मग गरमी आली कुठनं? फिरून फिरून एकाच जाग्यावर येतो. तुझ्याकडनं आली. रागानं लिवत न्हाय बघ. तू मला फसवली न्हाईस. फसवलं मी, आनि ते आज सांगतो.

आपण एकदाच जवळ आलतो. त्या दिवशी चिरांची आग व्हत व्हती म्हणून मी आधी आईचं खोबरेल घेतलं आनि तिथं चोळलं, बक्कळ चोळलं. वरनं कंडोम घातला. तू तोंड फिरवून पडली व्हतीस. मी उठून बघितलं तर त्यो टराटरा फाटल्याला. तुला काय बोललो न्हाय. पाणी प्यायचं निमित्त करून परड्यात गेलो आनि शेणखताच्या ढिगात खोल पुरला.

तुला का सांगितलं न्हाय? तू रडशील म्हणून. आनि मनात म्हटलं, तिच्या गोळ्या चालू हायत, रिपोर्टात रोग सापडत न्हाय, तिनंच सांगितलंय, मग फाटलं म्हणून काय झालं. त्या भरवशावर गप बसलो. खरं दुसऱ्या दिवसापास्नं तुझ्याजवळ यायचं धाडस झालं न्हाय. उकाडा न्हवता. भ्या व्हतं.

आता तू सांग. गोळ्या घेऊन बी लागू शकतंय का? मॅडमना इचार. माझं नाव सांगू नको. न्हायतर सांग. आता काय राहिलंय.

रवळू

वडगाव
३० ऑगस्ट २०२५

अहो,

आधी गरमीचं. तुम्ही एवढी वर्षं हिंदी सिनेमे बघून शिट्ट्या मारता आणि एवढं कळलं नाही? हिंदीत गरमी म्हणजे उकाडा. भट्टीच्या उकाड्यानं, घामानं झालंय असं तो डॉक्टर सांगत होता. मल्लाप्पासारखी गरमी झालेल्याला कोण पंख्यात बसायला सांगतं? मी एवढ्या मोठ्यानं हसले की आई धावत आली. मी एकदा गरमीला उष्णता समजले आणि तुम्ही उकाड्याला गरमी समजलासा. आपल्या दोघांना मिळून एक शहाणा माणूस होत नाही.

मग पुढची पानं वाचली. हसणं तिथंच राहिलं.

आता मी सांगते ते बसून वाचा. उभं राहून वाचू नका.

लग्नाआधी माझ्या वहिनीनं सांगितलं होतं, "तुझ्या सासरच्या भागात नवरीची बॅग उघडून सगळ्या बाया साड्या बघतात, हात घालून घालून बघतात." माझ्या गोळ्यांची बाटली चालताना वाजते. कागदात गुंडाळून ब्लाउजच्या घडीत ठेवायचा विचार केला, तर वहिनी म्हणाली, घड्या पण उलगडतात. झालंही तसंच. तुमच्या आत्यानं माझ्या बॅगेचा तळ हातानं झाडून बघितला. मी बाटली वडगावलाच, तांदळाच्या डब्यात ठेवून आले होते. हळद लागली तेव्हापासून परत माहेरी येईपर्यंत माझ्या पोटात एकही गोळी गेली नाही.

मी मनात म्हटलं, कंडोम आहे की. गोळी चुकली तरी त्यांना आडोसा आहे. मी पण गप्प बसले. "घेते" म्हणून तुम्हाला लिहिलं ते आताचं खरं होतं, तेव्हाचं नव्हतं.

तुम्ही माझ्या गोळीवर विसंबलासा आणि मी तुमच्या कंडोमवर. आणि त्या दिवशी दोन्ही नव्हतं.

हे लिहून मी पेन ठेवलं आणि दवाखान्यात गेले. राजेश्वरी मॅडमना सगळं सांगितलं, खोबरेलापासून तांदळाच्या डब्यापर्यंत. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, तेल लागलं की ते रबर टिकत नाही. खोबरेल नको, व्हॅसलिन नको, चरबट मलम नको. लागलंच तर पाण्यासारखं जेल मिळतं, ते वापरायचं. आणि कातड्याला चिरा असताना जवळ यायचंच नाही, आधी त्या बऱ्या करायच्या. फाटलं त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांच्या आत आला असतासा तर तुमच्यासाठी महिनाभराच्या गोळ्या होत्या, त्यानं रोग बऱ्याचदा धरतच नाही. ते दिवस आपण एकमेकांची तोंडं चुकवण्यात घालवले.

एका वेळेला लागतोच असं नाही, असं त्या म्हणाल्या. पण तुमच्या चिरा, माझ्या चुकलेल्या गोळ्या आणि फाटलेलं, तिन्ही एकत्र म्हटल्यावर रक्त तपासल्याशिवाय त्या काही बोलायला तयार नाहीत. आता तीन महिने उलटले आहेत, म्हणजे जो कागद येईल तो पक्का. माझंही रक्त घेतलंय, रोग परत वर आलाय का बघायला.

निघताना त्या कानडीत म्हणाल्या, "हेदरब्याड." भिऊ नको. मी मान हलवली आणि चप्पल दुसऱ्या बाईची घालून आले.

तिकडं सरकारी दवाखान्यात जा. फुकट असतं. कुणाला सांगत नाहीत. जा हो.

नीलम

मोरबी
१४ सप्टेंबर २०२५

नीलम,

लपवायचं न्हाय म्हणून लिवतो. पत्र वाचून पयला मला तुझा राग आला. लई आला. भट्टीवर गेलो आनि चांगल्या फरश्या फोडल्या. सुपरवायझर वरडला, आंधळा झालास काय. मग मला परड्यातला ढीग आठवला. तू तांदळात लपवलं आनि मी शेणात. कुणी कुणाला बोलायचं?

दवाखान्यात गेलो. बाकावर बसलो. एक पोरगं चिठ्ठी लिवत व्हतं, त्यानं नाव इचारलं. मी म्हटलं, इथं दात बघत्यात काय? ते म्हणालं, दाताचं मागच्या बाजूला. मी मागच्या बाजूनं निघून आलो. दुसऱ्यांदा गेलो तवा आत सुई बघितली, बाहेर घामानं भिजलो आनि परत आलो. गोव्यात भांडण झालं तवा बाटली फुटून हातात घुसली व्हती, मी रडलो न्हवतो. आता कागदाचं नाव काढलं तर आधी दार कुठं हाय ते बघतो.

मला हितं एकट्याला आयकायचं न्हाय. वाईट आलं तर ह्या खोलीत कुणाला सांगू? ओडिया येत न्हाय मला.

काम सोडालोय. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "तुम लोग भागते बहुत हो." आजवर जिथनं गेलो तिथनं पळूनच गेलो, त्याचं चुकलं न्हाय. ह्यावेळी पळत न्हाय, खरं त्याला काय सांगू?

त्या ट्यूबला तुझं पत्र आल्यापास्नं हात लावल्याला न्हाय. ढीली पँट घालतोय, पंख्यात बसतोय. थोडी आग कमी हाय.

आईला आत्ताच सांगू नको. मी गुंजीला न जाता सरळ वडगावला येतो. तू माझ्याबरोबर आत येशील न्हवं? दारात थांबू नको. आत ये.

रवळू

वडगाव
१२ ऑक्टोबर, रविवार, दुपार

अहो,

एका घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसू नका. आज वीज नाही, माग बंद आहेत, भिंतीपलीकडं कुणी शिंकलं तरी ऐकू येतं. आई पुढच्या दारात तांदूळ निवडत बसली आहे. आणि तोंडानं विचारायला गेले की तुम्ही चहा मागता.

राजेश्वरी मॅडमच्या खोलीत मी आत आले होते. त्यांनी तुमचा कागद वाचला, तुम्हाला काही लागलेलं नाही. तुम्ही ऐकूनही "म्हंजे काय?" म्हणालासा, त्यांनी परत सांगितलं. माझाही कागद आला, रोग पुन्हा सापडत नाही एवढा खाली गेलाय. चामडीच्या डॉक्टरनं पँट काढायला लावली, नीट बघितलं आणि सोरायसिस म्हणाला. कुणापासून आलेला नाही, कुणाला जाणार नाही, कमी-जास्त होत राहील. मलम दिलं. चिरा मिटल्या म्हणून तुम्हीच सांगितलंसा, ते पण आईकडं पाठ करून.

तरी तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपता. पाणी द्यायला वाकले की अंग चोरता.

एवढंच सांगा. अजून माझी भीती वाटते?

नीलम

(ह्याच कागदाच्या पाठीमागं)

तुझी न्हाय वाटत.

मॅडमनी सांगितल्यालं सगळं डोक्यात शिरलंय. अंगात शिरत न्हाय. तू जवळ आलीस की मला त्यो फाटल्याला दिसतो. त्यावेळी सुटलो, म्हणून परत सुटीन का? कंडोम आणलाय, ते पाण्यासारखं जेल आणलंय. दुकानदारानं मोठ्यानं नाव घेतलं, तरी आणलं. बॅगेत हाय. उघडायला हात वळत न्हाय.

कातडं उद्या परत फुटलं तर? तुझी गोळी एखाद दिवस ऱ्हायली तर? मला काय झालं तर तू जन्मभर सोताला खात बसशील, आनि मी तोंडानं न्हाय म्हणंन आनि मनात दोष तुलाच देईन. रोगापरास त्याचं भ्या जास्त हाय.

कागद बरा आला तर भ्या जाईल असं वाटलंतं. गेलं न्हाय. थोडं दिवस दे.

रवळू

(दुसरा कागद, घडी घातलेला)

दिवस दिले. जितके लागतील तितके घ्या. बॅग आहे तिथं राहू दे.

भीती मलाही आहे. तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे, कारण रोग द्यायचं पाप माझ्याकडं आहे. गोळी गिळताना पाण्याबरोबर ती भीती पण गिळते. चिरा फुटल्या तर तुम्ही मला त्याच दिवशी सांगायचं, गोळी चुकली तर मी तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं. ह्याच्यापुढं आपल्या हातात काही नाही.

पण बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून एकटं भिऊ नका. मी आतल्या खोलीत तेच करते आहे, दोन ठिकाणी कशाला?

आत या आणि नुसतं शेजारी पडा. हात द्या. त्याला गोळी लागत नाही, जेल लागत नाही, आणि त्यात फाटण्यासारखं काही नाही.

आईला मी सांगितलंय, तुमचं डोकं दुखतंय म्हणून तुम्ही आत पडणार. तेव्हा येताना डोकं धरून या. आणि दाराशी तिचं तांदळाचं सूप आहे, त्यात पाय घालू नका.